रेडिओमागची घूं

सोल्डरिंगच्या राळेचा वास आला की मला रांझीतलं आमचं फॅक्टरीचं क्वार्टर आठवतं. लढाई जवळ आली होती, लष्करी सामान बनवणाऱ्या त्या फॅक्टरीत बाबांना रोज ओव्हरटाइम होता आणि सदरच्या बाजारात रेडिओचे सेल मिळेनासे झाले होते. फौजेतला माझा दादा सुट्टीवर आला होता. त्याने जुना ट्रान्सफॉर्मर आणि चार डायोड बिस्किटाच्या डब्यात बसवून रेडिओ घरच्या विजेवर चालेल असं केलं. बातम्या लागल्या, पण त्यांच्यामागे सारखी घूंऽ ऐकू येई. "कपॅसिटर छोटा पडून राहिला, आई," तो हसून म्हणाला, "पुढच्या सुट्टीत मोठा लावतो, मग घूं बंद." लढाई संपली, शेजारी पेढे वाटले गेले आणि आमच्या दारात तार आली. त्यानंतर रात्री कार्यक्रम संपून स्टेशन बंद झालं तरी आई रेडिओ बंद करत नसे, नुसती घूं ऐकत बसे. तिला त्रास होत असेल असं वाटून बाबांनी एका रविवारी मोठा कपॅसिटर आणला आणि स्वतः जोडला. "ऐक, किती साफ येऊन राहिलं!" ते म्हणाले. आई डब्यावर हात ठेवून ऐकत राहिली. "काहून लावला हो?" ती हळूच म्हणाली, "तो येऊन लावणार होता ना." तिने प्लग काढला, तो पुन्हा कधीच लावला नाही. आता माझा जुना फ्रिज दिवसभर घूं करतो. मुलगी म्हणते, बदलून टाक. मी म्हणते, राहू दे.