हेगेदू : लखनलाल बिसेन यांचा उरलेला शब्द

आमगावच्या शाळेतून निवृत्त झालेले लखनलाल बिसेन दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, दंडार या लोकनाट्याच्या ताफ्यासोबत व्हायोलिन वाजवीत. हंगेरीतील एका पत्रमित्राने पाठवलेल्या व्याकरणावरून त्यांनी हंगेरियन भाषाही शिकून घेतली होती. तालुक्यात तिचा उपयोग शून्य, हे तेच हसत सांगत.

गेल्या श्रावणात त्यांना पक्षाघात झाला. उजवे अंग आणि वाचा एकदमच गेली. त्यांच्या ताफ्याचा एक नियम होता: वादकाचा हात गेला की वाद्य घरी ठेवायचे नाही; मंडईच्या दिवशी नारळ फोडून ते पुढच्या वादकाला द्यायचे. पत्नी चमेलीबाईंनी नियम पाळला. लखनलाल यांचाच शिष्य उमेंद्र व्हायोलिन घेऊन गेला. खाटेवरच्या माणसाला कोणी विचारले नाही.

व्हायोलिन गेल्यावर पंधरवड्याने लखनलाल बोलले. दिवसभर एकच शब्द: "हेगेदूलोक."

"हे काय म्हणून राहिले वं?" चमेलीबाईंनी सुनेला, रिंकीला विचारले. रिंकीने सासऱ्यांची हंगेरियनची जुनी वही शोधून वाचली:

'हेगेदू म्हणजे व्हायोलिन. शब्दाचा उगम अनिश्चित. अभ्यासकांत एकमत नाही. आपल्याला "वाजवणे" वेगळे जोडावे लागते. तेथे वाद्याच्या नावालाच प्रत्यय लागून क्रियापद होते. हेगेदूल: तो व्हायोलिन वाजवतो. हेगेदूलोक: मी व्हायोलिन वाजवतो.'

चमेलीबाई तशाच उठून उमेंद्रच्या घरी गेल्या.

"देल्लं वाद्य वापस मांगत नाई, काकी," तो म्हणाला. "अन् काका वाजवतीन कायनं? पायानं?"

"तुले गज धराले कोनं शिकवलं होतं रे?"

उमेंद्रने खुंटीवरून व्हायोलिन उतरवले.

घरी चमेलीबाईंनी ते पतीच्या डाव्या खांद्याला टेकवले. शाबूत हाताची बोटे तारांवर चढली आणि दंडारीची चाल एकही जागा न चुकवता चालू लागली, मात्र आवाजाविना. गज चालवणारा हात गोधडीवर निपचित होता. तेव्हा चमेलीबाईंनी गज स्वतः उचलला आणि तारांवरून ओढला. भांडे घासल्यासारखी खरखर उमटली.

बोटे थांबली. लखनलाल यांनी मान भिंतीकडे वळवली.

दुसऱ्या दिवशी चमेलीबाई व्हायोलिन परत पोचवून आल्या. तो शब्द लखनलाल यांच्या तोंडून पुन्हा आला नाही. दुसराही कोणता आला नाही.