बिचकू कुणाचा

बिचकूला घरी आणलं ते धाकटीनं. हे ती कुणी न विचारताच सांगायची. भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या सगळ्यात मागच्या पिंजऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेलं ते तपकिरी कुत्रं तिनंच निवडलं होतं. तिथल्या बाईंनी दोनदा बजावलंही होतं, "हा माणसांना घाबरतो हं. बंद पडलेल्या कारखान्याच्या फाटकाला कुणीतरी बांधून गेलं होतं त्याला. दुसरा बघा ना एखादा." पण त्याची ती आखडलेली पाठ बघूनच धाकटीला गलबलून आलं. आपण याला माणसात आणायचं, असं तिनं तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

धाकटी म्हणजे वय वर्षं सत्तावन्न. घरात दोघीच बहिणी उरल्या तरी तिचं धाकटेपण काही सुटलं नव्हतं. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. तीस वर्षं हेच काम. केसाएवढा फरक तिच्या बोटांना कळायचा. ताई तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी, टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली आणि नवरा गेल्यावर आईवडिलांच्या या दोन खोल्यांत परत आलेली. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे की काय, तिला स्वतःला बोलायचा भारी कंटाळा. खिडकीपाशी शब्दकोडं घेऊन बसली की घरात कुणी आहे याचाही पत्ता लागायचा नाही.

"आण हवं तर," कुत्र्याचा विषय निघाल्यावर ती म्हणाली होती, "पण माझ्याकडून काही होणार नाही."

बिचकू पहिले तीन दिवस पलंगाखाली होता. धाकटीनं दुकानातून रजा घेतली. जमिनीवर पालथी पडून ती त्याच्याशी बोलायची, गोंजारायला हात पुढे करायची, उकडलेल्या चिकनचे तुकडे सरकवायची. चौथ्या दिवशी तो बाहेर आला. तळहातावर तुकडा घेऊन धाकटी श्वास रोखून बसली होती. बिचकू तिला वळसा घालून गेला, खिडकीपाशी पोचला आणि ताईच्या पावलावर हनुवटी टेकून आडवा झाला. ताईनं शब्दकोड्यातून डोकंसुद्धा वर काढलं नाही.

धाकटीनं तुकडा परत वाटीत टाकला. हे तिच्या ओळखीचं होतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा चार वर्षं धाकटीनं तिचं सगळं केलं. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, काही म्हणजे काही चुकवलं नाही. आणि आई रोज सकाळी डोळे उघडले की विचारायची, "मोठी आली का गं?" मोठी महिन्यातून एकदा यायची, तासभर बसायची. त्या तासात आईचा चेहरा जो उजळायचा तो धाकटीनं उरलेल्या एकोणतीस दिवसांत कधी पाहिला नाही. शेजारीपाजारी, भाचेकंपनी, सगळ्यांचं तेच. राबायचं धाकटीनं आणि ओढ ताईची. आता हे कुत्रंही त्या सगळ्यांनाच जाऊन मिळालं!

दुसऱ्या आठवड्यात बिचकू डावा कान खाजवायला लागला. कानातून वास येत होता. धाकटी त्याला जनावरांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दोन गल्ल्या ओलांडून दवाखाना, पण पायऱ्या दिसताच त्यानं बसकण मारली. कसाबसा उचलून आत नेला तर तिच्या अंगावरच मुतला. टेबलावर ठेवल्याबरोबर डॉक्टरीणबाईंची बाही त्याच्या दातांत आली. कान बघायचा राहिला बाजूला, दोघीतिघींनी मिळून त्याला धरून ठेवण्यातच वेळ गेला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आज जबरदस्ती नको. पुढच्या वेळी आणखी घाबरेल."

पुढच्या खेपेला ताईला त्याच रस्त्यावरच्या टपाल कचेरीत जायचं होतं, म्हणून ती सोबत निघाली. वाटेत बिचकू थरथरत होता, पण चालत होता. ताई दवाखान्यातल्या बाकावर घटकाभर टेकली आणि समोरच्या भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचायला लागली. बिचकूनं धाकटीच्या हातातला पट्टा ताणला, सरपटत बाकाखाली गेला आणि ताईच्या बुटावर तोंड ठेवून पडला. हळूहळू त्याची थरथर थांबली.

"तुमच्यावर फार जीव दिसतोय त्याचा," मांजर घेऊन आलेल्या एक बाई ताईला म्हणाल्या.

"कुत्रं माझं आहे," धाकटी म्हणाली. आवाज जरा जास्तच चढला होता.

ताई टपाल कचेरीत निघून गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी धाकटीला समजावून सांगितलं. काही दिवस तपासणीचं नावच काढायचं नाही. दुपारी गर्दी नसताना त्याला नुसतं आणायचं. आज कोपऱ्यापर्यंत, उद्या पायऱ्यांपर्यंत, मग आत, मग वजनकाट्यावर. प्रत्येक वेळी खाऊ द्यायचा आणि घरी परतायचं. घरचं अंथरूण सोबत आणायचं. घरी कानाला हात लावायची सवय करायची: लावला, काढला, खाऊ. "पट्टा सैल धरा. तो मागे सरला तर सरू द्या. आणि त्या तुमच्या ताईंना आणत चला, त्यांच्यापाशी तो शांत होतो."

संध्याकाळी ताईनं विचारलं, "मी यायला पाहिजे का गं पुन्हा?"

"नको," धाकटी फोडणीकडे बघत म्हणाली. "डॉक्टरांनी एकटीनंच आणायला सांगितलंय. दोन माणसं असली की त्याचा गोंधळ होतो म्हणे."

एवढं धडधडीत खोटं ती कितीतरी वर्षांत बोलली नव्हती. आणि बोलल्यावर तिला बरं वाटलं, हे त्याहून वाईट.

मग ती जी कामाला लागली! दुकानातून दुपारची सुट्टी उशिरा घ्यायची, धावत घरी यायचं, खिशात चिकनची डबी, काखेत गुंडाळलेलं अंथरूण, आणि बिचकूला घेऊन निघायचं. पहिल्या आठवड्यात कोपरा गाठला. दुसऱ्या आठवड्यात पायऱ्या. तिसऱ्या आठवड्यात तो दाराच्या आत, अंथरुणावर, मोजून दहा मिनिटं बसला. घरी ती काच हाताळावी तसा त्याचा कान हाताळायची. आधी नुसता स्पर्श, मग पाळी उचलणं, मग कापसाचा बोळा कडेला टेकवणं. यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. बिचकू कान द्यायला लागला. खाऊ खायचा, कान द्यायचा, आणि काम संपलं की उठून ताईच्या पायाशी जाऊन पडायचा.

धाकटीनं त्याचं अंथरूण आपल्या पलंगाशी ओढलं. त्यानं ते दातांत धरून खिडकीपाशी नेलं. तिनं पुन्हा ओढलं, त्यानं पुन्हा नेलं. ताई म्हणाली, "राहू दे ना तिथे." त्या चार शब्दांनी धाकटीचा तिळपापड झाला. राहू दे म्हणायला हिचं काय जातंय? एक घास भरवला नाही, एक दिवस फिरवलं नाही, आणि बसल्या जागी राणीसारखी मानकरी!

आपण एकटीनं त्याला तपासून आणलं, असं ताईला सांगायचं, यासाठी ती आता दिवस मोजत होती. पाचव्या आठवड्यात तिला दम निघेना. तपासणीच्या खोलीचं दार उघडं होतं, आत कुणी नव्हतं. तिनं बिचकूला गुडघ्यानं आत ढकललं आणि मागे दार लावून घेतलं.

तो किंचाळला. पट्ट्यातून मान सोडवून काचेच्या दारावर आदळला, मग औषधांच्या फ्रिजमागे घुसला. अर्धा तास कुणाचंही काही ऐकेना. डॉक्टरीणबाई जमिनीवर बसून राहिल्या. तो बाहेर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "इतकं छान चाललं होतं. कशाची घाई झाली तुम्हाला?"

धाकटीनं खाली पडलेला पट्टा उचलला.

दुसऱ्या दिवसापासून बिचकू कोपऱ्याच्या पुढे पाऊल टाकेना. कानाचं दुखणं मात्र थांबलं नाही. आठवडाभरात त्याची मान एका बाजूला कलली. कानाला कुणाचा हात लागलेला त्याला चालेना, अगदी धाकटीचा सरावाचा हातही. जांभई देताना तो कळवळायचा. ते कळवळणं ऐकलं की धाकटीला स्वतःची चीड यायची. एका सकाळी चहा गाळता गाळता ती थांबली.

"ताई, डॉक्टरांनी एकटीनं आण असं सांगितलंच नव्हतं. तुला घेऊन ये म्हणाल्या होत्या. मी खोटं बोलले."

ताईनं शब्दकोडं खाली ठेवलं. बिचकूची हनुवटी तिच्या पावलावर होतीच.

"का?"

"का म्हणजे काय! मी आणलं, मी करते, आणि तो तुझा! आईचंही तेच. मला नाही सहन होत." एवढं बोलून ती रडायला लागली, आणि रडतो आहोत याचाही तिला राग आला.

ताईनं आधी तिला रडू दिलं. मग म्हणाली, "मला सुटल्यासारखं झालं होतं, तू नको म्हणालीस तेव्हा. मला कुत्र्यांची भीती वाटते गं."

"काय?"

"लहानपणापासून. तू घरात कुत्रं आणणार म्हणालीस तेव्हा माझी छाती दडपली होती. तुझा उत्साह बघून बोलले नाही. हा दोन महिने माझ्या पायावर पडतोय, आणि दोन महिने मी पाय हलवलेला नाही. मुंग्या येतात, पण हलवत नाही. बघतसुद्धा नाही त्याच्याकडे. म्हटलं, बघितलं तर चावायचा."

धाकटी रडता रडता हसली, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं. म्हणजे ताई त्याच्याकडे काहीच मागत नव्हती. ना ये म्हणत होती, ना बघत होती, ना हात पुढे करत होती. आणि आपण? बरा आहेस ना, येतोस ना, खातोस ना. सतत त्याच्या तोंडासमोर तोंड. त्या भित्र्याला त्यातून एवढंच कळत असणार, की आता काहीतरी होणार आहे.

हे कळलं, म्हणून मत्सर गेला असं नाही. उलट घाबरून दगडासारखं बसणाऱ्या बाईला जे फुकट मिळालं ते आपल्याला आता शिकावं लागणार, याचा तिला नव्यानं हेवा वाटला.

"येशील?" तिनं विचारलं.

"येईन. पण मला त्याला धरायला सांगू नकोस."

डॉक्टरीणबाईंनी फोनवर एक गोळी सांगितली, घरून निघायच्या दोन तास आधी द्यायची, भीती जरा बोथट करणारी. दुपारी तिघं निघाली. ताई पुढे, बिचकू तिच्या टाचेशी, आणि पट्टा धरून धाकटी सगळ्यात मागे. पट्टा सैल होता. तो तसा ठेवायला तिला मनगटावर सारखं लक्ष द्यावं लागत होतं. कोपऱ्यावर बिचकू थांबला. धाकटी समोरच्या दुकानातल्या बादल्या बघत उभी राहिली. बऱ्याच वेळानं तो आपणहून निघाला.

टेबल वापरायचं नाही असं आधीच ठरलं होतं. ताई खोलीतल्या खुर्चीवर बसली, डोळे भिंतीवर, ओठ घट्ट. बिचकू तिच्या बुटावर तोंड ठेवून पडला. धाकटीनं त्याच्या तोंडाला सरावाची जाळी चढवली, घरी तिच्यात खाऊ ठेवून ठेवून ती त्याच्या ओळखीची झाली होती. डॉक्टरीणबाई शेजारी जमिनीवर बसल्या, पण त्यांचा हात पुढे येताच बिचकू गुरगुरला.

"तुम्ही लावा हात," त्या धाकटीला म्हणाल्या. "तुमचा हात त्याला माहीत आहे."

धाकटीनं त्याच्या तोंडाकडे न बघता कान उचलला. एखादी नाजूक काच धरावी तितक्याच हलक्या हातानं. बिचकू शहारला, पण त्यानं कान काढून घेतला नाही. डॉक्टरीणबाईंनी बॅटरीनं आत पाहिलं. मग त्या सांगत गेल्या आणि धाकटीच्या बोटांनी औषध सोडलं, घाण टिपली, पुन्हा औषध सोडलं. सगळं मिळून काही मिनिटांचं काम, पण तिचा ब्लाउज घामानं भिजला.

"झालं का?" ताईनं भिंतीला विचारलं.

परतताना ताई म्हणाली, "आई तुझ्याच हातून जेवायची. मी आले की हसायची, पण भरवायला गेले की तोंड मिटून घ्यायची. परक्यासारखी बघायची माझ्याकडे. म्हणूनच मी जास्त यायचे नाही."

 धाकटीनं ताईच्या खांद्यावरची पिशवी घेतली आणि स्वतःच्या खांद्याला लावली.

कान बरा व्हायला महिना लागला. पुन्हा कोपरा, पुन्हा पायऱ्या, पुन्हा वजनकाटा, सगळं पहिल्यापासून. घाई मात्र तिनं केली नाही. चार महिन्यांनी लस द्यायची होती, आणि त्या दिवशी ताईला सर्दी झाली होती. धाकटी एकटीच बिचकूला घेऊन गेली. तो थरथरला, जाळीतून धापा टाकत राहिला, पण वजनकाट्यावर आपणहून चढला आणि सुई टोचली तेव्हा नुसता अंग चोरून उभा राहिला.

घरी येऊन तिनं ताईला सगळं रंगवून सांगितलं. काट्यावर कसा चढला, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, सगळं. ताई नाक पुसत हसली, "बघ, माझी काही गरज नव्हती."

"नव्हतीच," धाकटी म्हणाली.

दवाखान्याच्या बाकाखाली जाऊन बिचकूनं आधी दोनदा कुणाला तरी हुंगून शोधलं होतं, हे मात्र तिनं सांगितलं नाही.