गाळून आणलेले नमुने

निवृत्त शिक्षकाला कोणी फळा देऊ केला, तर तो नाही म्हणत नाही. आमच्या तालुक्याच्या गावी प्रत्येक वॉर्डातून एकेक ‘जलमित्र’ निवडला गेला आणि त्यांना पाण्याची राखण शिकवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मीही नाही म्हटले नाही.

विद्यार्थ्यांत बांगड्यांचे दुकान चालवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना सगळे आपा म्हणत. त्यांच्या गल्लीत नळाची पाइपलाइन गटाराखालून जाते. पाण्याला वास येई, मुले आजारी पडत, आणि तक्रार जिथल्या तिथे होती. अखेर पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांनी शब्द दिला, की वर्गाच्या शेवटच्या दिवशी नमुने स्वतः पाहू. दोष दिसला तर गल्ली खोदू, नाही तर तक्रार निकाली काढू.

मी फळ्यावर पाच सूचना लिहिल्या. बाटली कोणती, ती किती वेळा धुवायची, नळ किती वेळ वाहू द्यायचा, कुठवर भरायचे, चिठ्ठी कुठे चिकटवायची. सर्वांकडून त्या वहीत उतरवून घेतल्या.

“सर, चिठ्ठी तिरपी लागली तं चालते का?” जळगाव जामोदच्या गाडीवर नोकरी संपवलेल्या कंडक्टरांनी विचारले.

“चालत नाही,” मी म्हणालो.

आमच्याकडे नळ आठवड्यातून एकदा येतो. तो आला, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे वर्गाच्या शेवटच्या दिवशी, टेबलावर बाटल्यांची रांग लागली. चिठ्ठ्या अगदी सरळ होत्या आणि पाणी काचेसारखे नितळ. एका बाटलीला वाळ्याचा सुगंध होता. सर्वांत नितळ बाटली आपांची होती.

अभियंत्यांनी ती उजेडात धरली. “पाणी उत्तम आहे,” ते म्हणाले आणि त्यांनी पेनचे टोपण काढले.

मी आपांना बाजूला घेतले. “हे तुमच्याच नळाचे?”

“हाव सर. दोन डाव फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली, मंग भरलं.”

“पण का?”

“घ्या. साहेबाच्या समोर गढूळ पानी ठेवू का? पाहुन्याले कोनी देते का असं?”

“म्या तं माठातलंच आनलं,” कंडक्टर मागून म्हणाले. “साहेब उन्हातून येऊन राह्यले, गरम काऊन द्या?”

मी फळ्याकडे पाहिले. गाळू नये, असे पाचांपैकी एकाही सूचनेत नव्हते. प्रश्न सोडून लिहिलेल्या उत्तराचे गुण मी आयुष्यभर कापले. इथे प्रश्नच अपुरा होता, आणि तो मी काढला होता.

पुढचे पाणी यायला अजून सहा दिवस होते. अभियंते लिहू लागले होते.

“साहेब, दहा मिन्टं थांबा,” आपा म्हणाल्या. “फडकं आनते. धुतलं नाही अजून.”

त्यांचे घर शाळेच्या मागेच. त्या परतल्या तेव्हा फडके त्यांच्या आधी वर्गात पोचल्यासारखे वाटले. पुढच्या बाकावरच्यांनी नाके धरली. पांढऱ्या कापडाच्या मधोमध नळाच्या तोंडाएवढा काळा, बुळबुळीत गोल उमटला होता.

अभियंत्यांनी रुमाल काढला. “हे नळालाच बांधलं होतं ना?”

“मंग काय गटाराले बांधू?”

“तुमच्या गल्लीत दोन्ही एकच हायेत, आपा,” कंडक्टर म्हणाले.

अभियंतेही हसले. मग त्यांनी लिहिलेली ओळ खोडली आणि गल्ली खोदण्याचा आदेश लिहून खाली सही केली. आपांनी तो दोनदा वाचून घेतला आणि फडक्याची घडी घालून पिशवीत ठेवली.

मी फळ्यावर सहावी सूचना लिहिली: ‘पाणी गाळू नये.’

“प्यायचं बी गाळायचं नाही का, सर?” आपांनी विचारले.

मी ती पुसली आणि नीट लिहिली: ‘तपासणीचे पाणी गाळू नये.’

माझी पाठ वर्गाकडे होती, म्हणून पुढचे मी फक्त ऐकले. अभियंत्यांना तहान लागली होती. त्यांनी माठातली ती गार बाटली उचलली आणि झाकण काढता काढता हळूच विचारले, “हे गाळलेलं आहे ना?”