फोटो लावलेला निबंध

इंग्रजी येत नव्हतं तोवर उज्वलाचा अंगठा फार कामाचा होता. भिवपुरीजवळच्या तीन बंगल्यांची देखभाल तिच्याकडे. मालक लोक मुंबईचे, शनिवारी उगवणारे आणि रविवारी मावळणारे. चाव्या उज्वलाकडे, झाडू उज्वलाचा आणि निरोप मात्र मोबाइलवर, तेही इंग्रजीतून. निरोप आला की उज्वला अंगठ्याचं चित्र पाठवून मोकळी व्हायची. अंगठा म्हणजे हो, अंगठा म्हणजे बरं, आणि अंगठा म्हणजे कळलं काहीच नाही पण राग मानू नका. असं बरीच वर्षं निभावलं. मग एका शनिवारी ती कर्जतला नात्यातल्या हळदीला गेली असताना बंगल्यावर डझनभर माणसं उपाशीपोटी येऊन थडकली. एवढ्या माणसांचा स्वयंपाक जमेल का, असं मॅडमनी आदल्या दिवशी विचारलं होतं, आणि उज्वलाने नेहमीसारखा अंगठा पाठवला होता.

मॅडम स्वभावाने चांगल्या, ओरडल्या नाहीत. पण उज्वलाला लाज वाटली ती वाटलीच. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "माजी आजी कागदावर अंगठा उठवायची नि मी मोबाइलवर उठवते. मदली सगळी वर्सं कुटं गेली रं?" जगदीशने नुसती मान हलवली. पॉवर हाऊसमध्ये मशीनच्या घरघरीत काम करून करून तो घरातही मान हलवूनच बोलतो.

म्हणून प्रबुद्धने विहारात रविवारचा वर्ग काढला तेव्हा पहिलं नाव उज्वलाचं पडलं. प्रबुद्ध गावातलाच पोरगा, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेला, आठवडाभर खालापूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारा. बायकांनी त्याला अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे 'सर' म्हणताना त्यांना हसू आवरत नसे. त्याची शिकवायची तऱ्हा वेगळीच होती. व्याकरण नंतर बघू म्हणायचा. आधी आवडीचं लिहा, आवडीचं लिहिताना माणूस खोटं बोलत नाही. 

इथेच त्याचा अंदाज चुकला. आवडता पदार्थ लिहायला सांगितला तर निम्म्या वर्गाला पिझ्झा आवडत होता. भागीने तर बर्गर लिहिला.

"भागीकाकी, बर्गर खाल्लाय कधी?" प्रबुद्धने विचारलं.

"नाय बा. पण सुकटीला इंग्रजीत काय म्हणत्यात ते मला कुटं ठावं हाय?"

"सुकटच लिहा. आवड आपली, तर नावही आपलंच चालेल."

त्या दिवसापासून वर्गाला वाचा फुटली. वांग्यातली सुकट, अबोलीचा गजरा, नव्या तांदळाची भाकरी, सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत कागदावर उतरू लागलं. आपल्याला अमुक आवडतं हे सांगायची बायकांना सवय नव्हती. कोणी विचारलंच नव्हतं कधी. 

मग आला विषय, आवडती व्यक्ती. सगळ्यांनी बाबासाहेबांवर लिहिलं. त्यात नवल काहीच नाही, दुसरं नाव डोक्यात येईलच कसं? प्रबुद्धने कागद हातात घेतले आणि न तपासता परत दिले. म्हणाला, "बाबासाहेब आपल्या सगळ्यांचेच. त्यांच्यावरच्या निबंधाला लाल पेन लावायला माझा हात धजत नाही. आता दुसरं माणूस घ्या. जिवंत पाहिजे, आणि त्याच्या हातचं तुम्ही जेवलेलं पाहिजे. वर फोटो चिकटवा, म्हणजे तोंडाकडे बघून लिहाल." 

उज्वलाला फार विचार करावा लागला नाही. तिच्या मनात सासूच आली, आणि आली म्हणून तीच दचकली.

ठकूबाई म्हणजे तिखट बाई. ऐन उमेदीत नवरा गेला. लोकांच्या शेतात लावणी करून, वीटभट्टीवर राबून तिने जगदीश आणि दर्शना ही दोन पोरं वाढवली आणि स्वतःच्या नावावर दोन खोल्यांचं घर उभं केलं. तिच्या जिभेला हाड नाही, हे अख्खी आळी जाणून होती. उज्वला या घरात आली तेव्हा दहावीला इंग्रजीत नापास होती. लेकरू झालं, आता शाळेचं नाव कशाला, असं तिने स्वतःच ठरवून टाकलं होतं. ठकूबाईने मात्र परस्पर फॉर्म भरवून घेतला. पेपरच्या दिवशी तान्हं पोर घेऊन ती सुनेबरोबर कर्जतला गेली आणि पेपर सुटेस्तोवर शाळेच्या फाटकाबाहेर उन्हात बसून राहिली. गावातल्या एकीने हटकलं, "सुनेला काय कलेक्टर करतेस काय?" तर ठकूबाई म्हणाली, "झाली तर तुज्याच दारात गाडी लावंल. जागा ठेव." उज्वला काठावर पास झाली. पेढे वगैरे काही नाही. "पास झाली म्हणून भाकरी गोल व्हायची नाय," एवढाच आशीर्वाद मिळाला.

उज्वलाचा सासूवर जीव होता. पण तोंडावर चांगलं बोलायची त्या घरात रीत नव्हती. सासू ओरडायची, सून ऐकायची, एखाद दिवस सून उलटून बोलायची आणि संध्याकाळी दोघी एका ताटलीतले वाल सोलत बसायच्या. मराठीत तिने सासूला कधी एक शब्द गोड म्हटला नव्हता. इंग्रजीत मात्र लिहायला बसली आणि हात थांबेचना. इंग्रजी म्हणजे परक्या गावचा बाजार, तिथे मोठ्याने बोललं तरी ओळखीचं कोणी नसतं. शेवटचं वाक्य लिहिताना तर तिचे डोळे भरून आले. मग तिने बिस्किटाच्या डब्यातून सासूचा पासपोर्ट फोटो काढला, पेन्शनच्या कागदांना काढलेल्यांतला उरलेला, आणि डिंकाने वर चिकटवला. विचारायचं तिच्या मनात आलं होतं. पण विचारलं तर कशाला ते सांगावं लागलं असतं.

कागद वाळायला फळीवर ठेवून ती बंगल्यावर गेली, आणि तो ठकूबाईच्या नजरेला पडला.

आता ठकूबाईच्या बाजूने बघा. आयुष्यात तिचा फोटो कागदावर चिकटला तो सरकारी कामालाच. रेशन, बँक, निराधाराची पेन्शन. वर फोटो, खाली इंग्रजी, म्हणजे फॉर्म. आणि गेल्याच साली आळीतल्या मोरूबाबाला पुतण्याने पेन्शनचा फॉर्म म्हणून असाच कागद पुढे केला होता. म्हाताऱ्याने अंगठा दिला आणि घर पुतण्याच्या नावावर झालं. मोरूबाबा आता त्याच घराच्या पडवीत झोपतो. ठकूबाईने कागद हातात धरून उलटापालटा पाहिला, होता तिथे ठेवला आणि संध्याकाळी ती एका शब्दाने ओरडली नाही. उज्वलाला वाटलं, आज आत्याचं डोकं दुखत असेल. सासूला ती आत्याच म्हणायची. 

दुसऱ्या दिवशी सकाळी "दर्शनाकडं जाते" म्हणून ठकूबाई पिशवी घेऊन निघाली ती खोपोलीजवळच्या शिळफाट्याला लेकीच्या घरी गेली. दोन दिवसांनी दर्शनाचा फोन आला.

"वैनी, आईचा फोटो कंच्या कागदावर लावलास गं?"

उज्वलाला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती घाईने म्हणाली, "अगं निबंध हाय तो. विहारात लिवायला दिलेला."

"मी सांगते तिला, पण ती म्हणंल, निबंधाला फोटो लागतो का कदी?" दर्शना म्हणाली. "मला ठाव हाय तू तशी नाय. पण ती ऐकत नाय. म्हणते, घरातनं हाकलायच्या आदी मीच निगाले. आता हितंच राहीन."

त्या रात्री उज्वला खूप रडली आणि खूप चिडलीही. एवढी वर्षं एका चुलीवर काढली, बाळंतपणं, आजारपणं काढली, आणि आत्याने हेच ओळखलं का मला? नाही आली तर नाही आली, असंही एकदा मनात येऊन गेलं. जगदीश म्हणाला, "मी जाऊन आणतो." प्रबुद्धला कळलं तर तो बिचारा कानकोंडा झाला. फोटोची अक्कल त्याचीच ना. "काकी, मी येतो, आजीला समजावतो," म्हणाला. उज्वलाने दोघांनाही नको म्हटलं. लेकाने ओढून आणलेली सासू घरात राहील, पण मनातला संशय फिटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि सासूशिवाय ते घर तिला नकोसं झालं होतं, हेही खरं होतं. 

रविवारी वर्ग बुडवून ती आधी कर्जत, मग खोपोली करत शिळफाट्याला पोचली. दर्शनाची खोली नवऱ्याच्या वडापावच्या दुकानामागे. ठकूबाई खाटेवर बसून दुकानासाठी लसूण सोलत होती. सून आलेली दिसली तरी तिने मान वर केली नाही. 

उज्वलाने पिशवीतून कागद काढला. "आत्या, तुमच्यावर निबंध लिवलाय."

"माज्यावर? मी काय मेले व्हय, निबंध लिवायला?"

"जित्या माणसावरच लिवायचा व्हता."

ठकूबाईने लसणाची पाकळी सोलून परातीत टाकली. "वाच मग."

उज्वलाने वाचलं. 'माय मदर-इन-लॉ इज अँग्री वुमन' इथून सुरुवात केली आणि न अडखळता शेवटापर्यंत गेली. प्रबुद्धने ऐकलं असतं तर शाबासकी दिली असती. वाचून झाल्यावर ठकूबाई म्हणाली, "हाऊस म्हणालीस. शेवटाला. हाऊस म्हंजे घर, एवढं मला कळतं. सारा जलम पॉवर हाऊसच्या शेजारी काढलाय. आता आपल्या बोलीत सांग काय लिवलंय ते."

दर्शना चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली.

"माझी सासू रागीट बाई हाय," उज्वलाने सुरुवात केली.

"खरं हाय. पुढं."

"ती समद्यांवर ओरडते. पण ती ओरडली का मला बरं वाटतं. म्हंजे घरात कुणीतरी जागं हाय." उज्वलाचा आवाज खाली आला. "मी दहावीचा पेपर देत व्हते तवा ती माझं पोर घेऊन उन्हात बसली व्हती. मी पास झाले ते तिच्यामुळं. मी तिला हे कदी सांगितलं नाय."

ठकूबाईचे हात लसणावर थांबले होते. "आनि हाऊस?"

कागदावर ते एका ओळीत बसलं होतं, किती सोपं. त्याच ओळीचं मराठी मात्र होईना. तिने पदराने नाक पुसलं, कागदाकडे बघितलं, मग कागद बाजूला ठेवला. कागदाकडे बघून हे सांगता येण्यासारखं नव्हतं.

"पयले मला तुमचं भ्या वाटायचं," ती म्हणाली. "आता तुमी नसाल तर त्या घराचं वाटतं. तेवढंच लिवलंय घराचं. घरी चला, आत्या. मला तुमी पायजे." 

बाहेर दुकानात कोणीतरी दोन वडापाव मागत होतं. दर्शनाने कप खाली ठेवले. ठकूबाईने तो कागद उचलला, वरच्या आपल्याच फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि डोळे पुसले. लसणाचे हात डोळ्यांना लागले म्हणून पाणी आणखीच वाहिलं. 

"माजं चुकलं," ती म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून जगदीशनेसुद्धा कधी ऐकलं नसेल. "मोरूचं डोळ्यांनी बगितलं व्हतं. पण तू मोरूचा पुतण्या नायस, हे मला कळाया पायजे व्हतं."

"मी बी फोटो इचारून घ्याया पायजे व्हता."

"पायजेच व्हता." लगेच आवाज चढला, आणि तो ऐकून उज्वलाच्या जिवात जीव आला. 

चहा पिऊन झाल्यावर ठकूबाईने विचारलं, "कोरा कागुद हाय का?"

"हाय. कशाला?"

"माजं बी लिव. मला बी कुणी आवडत आसंल का नाय? मला इचारलं का कुणी? मी सांगते, तू इंग्रजी कर."

उज्वलाने कागद मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. दर्शना भिंतीला टेकून बसली.

"लिव. माजी सून लई हट्टी हाय."

हट्टीला इंग्रजीत काय म्हणतात ते उज्वलाला येत नव्हतं. तिने हट्टीच लिहिलं.

"इचारल्याबिगर लोकांचे फोटो घेते."

तेही लिहून झालं. "पुढं?"

ठकूबाईने लेकीकडे एकदा पाहिलं आणि पायाने खाटेखालची पिशवी पुढे ओढली.

"पुढलं चांगलं हाय," ती म्हणाली. "ते घरी गेल्यावर सांगते. पोरीच्या देखत कशाला?"