मामांचा उजवा बूट

अख्ख्या शिरूर तालुक्यात आमच्या मामांइतका हट्टी डॉक्टर झाला नाही, आणि झाला असलाच तर त्यानं मामांशी वाद घालून डॉक्टरकी सोडली असणार. बाईच्या पोटाला लाकडी नळी लावून बाळाचे ठोके ऐकणं हा त्यांचा नुसता धंदा नव्हता, व्यसन होतं. पोटातल्या बाळाच्या हृदयावर काय नवं संशोधन झालंय ते वाचायला ते एस.टी.नं पुण्याला जात आणि परतताना कंडक्टरला समजावून सांगत. ठोके ऐकताना डोळे मिटलेले, आणि प्रत्येक ठोक्याला उजवा पाय फरशीवर टकटक टकटक. दरवर्षी उजव्या बुटाचं नाक झिजायचं. डावा बूट कोरा करकरीत.

या पायानंच घात केला. आमच्याकडे समजूत पक्की: ठोके भरभर पडले की मुलगी, सावकाश पडले की मुलगा. 'इथे लिंगनिदान होत नाही' अशी पाटी मामांनी दारावर ठोकली होती, पण पडद्याखालून बूट दिसत होता ना! बाहेर बाकावर बसलेल्या सासवा शेजाऱ्याचं घड्याळ मागून टकटक मोजायच्या आणि निकाल लावून मोकळ्या. हे कळलं त्या दिवशी मामा असे भडकले की विचारू नका. "म्हंजी माझ्या पायानं पोटातल्या पोरी मारायच्या व्हय?" पडदा लांब शिवून घ्या म्हटलं, तर "मी का लपू?" बूट काढले, तरी अनवाणी पाय हलायचाच. मग त्यांनी प्रत्येक बाळाचे ठोके वहीत लिहून ठेवायला आणि बाळंतपणानंतर पडताळायला सुरुवात केली. बाकासमोर उभे राहून ते वही वाचून दाखवत. "ही बघा, भरभर ठोके, आन् झाला मुलगा! बोला आता!" बाया म्हणायच्या, वही खोटी, पाय खरा.

मग माझी पाळी आली. पाचवा महिना सरत आला होता. दौंडच्या रेल्वे कॉलनीतून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, मला घेऊन आल्या. नळी लागली, टकटक सुरू झाली आणि मधेच पाय थांबला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा थांबला.

"बाळाचा ठोका मधेमधे गळतोय," मामा म्हणाले.

आत्याबाई पडदा सारून थेट आत. "भरभर बी हाय आन् चुकतोय बी. पोरगीच हाय ही. मोकळी करा हिला, डॉक्टरसाहेब. पुढल्या वक्ताला बघू."

मामा ताडकन उठले. "ठोका चुकला म्हणून पोर चुकत न्हाई! आन् मला काय सांगता? जिच्या पोटात हाय, तिला इचारा की!"

मला त्या घरात आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. "मला हे बाळ हवंय," मी म्हणाले, आणि आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर बाकावरची बाई उभी राहिली.

दुसऱ्याच दिवशी मामांनी मला पुण्याला बाळाच्या हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. हृदयाची घडण नीट आहे, असे ठोके बहुतेकदा आपोआप सुधारतात, पण तपासत राहा, असं ते म्हणाले. मग मामा दर आठवड्याला पिशवीत नळी घालून दौंडला हजर. मुद्दाम आत्याबाईंसमोर बसून पाय वाजवायचे. आठव्या महिन्यात एकदा तो शेवटपर्यंत न थांबता वाजला. त्या दिवशी आत्याबाईंनी न मागता चहा टाकला. पुढं मुलगीच झाली.

लेक यंदा दहावीला आहे. मामांची उजवी बाजू लकव्यानं गेली. भेटायला गेलो, तेव्हा त्यांनी सवयीनं डाव्या हातानं तिचं मनगट धरलं आणि नाडी बघत डोळे मिटले. पाय मात्र हलेना. लेकीनं चप्पल काढली आणि आपलाच पाय फरशीवर वाजवायला लागली. टकटक टकटक. मग मुद्दाम एक ठोका गाळला.

मामांनी खाडकन डोळे उघडले.

"लबाड," जड जिभेनं ते म्हणाले. "थांबू नको."