आडवा की उभा

रेनो कांगसचा आवाज बंद पडेल, असं मिशिगनच्या त्या खाणगावात कोणाला वाटलं नसतं. खाणीतली वायरमनकी संपल्यावर गावातल्या हौशी रेडिओवाल्यांचा रिपीटर त्यानेच उभा केला होता. रिपीटरचे कान टेकडीवर आणि तोंड गावच्या पाण्याच्या टाकीवर. हातातल्या सेटवरचा दुबळा आवाज टेकडीवरचा रिसीव्हर पकडायचा, तिथला अँटेना तो टाकीवरच्या अँटेनाकडे फेकायचा, आणि टाकीवरून तो जिल्हाभर ऐकू जायचा.

बायको लेम्पी गेली, मग गुडघेही गेले, तसा रेनो टेकडीमागच्या वृद्धाश्रमात आला. तिथे छतावर अँटेना लावायला सक्त मनाई. राहिला हातातला सेट आणि सकाळच्या कॉफीबरोबर रेडिओवर होणारी मंडळींची हजेरी. तेवढ्यासाठीच तो उठायचा, दाढीसुद्धा करायचा.

नोव्हेंबरात बर्फाने वाकलेलं झाड टेकडीवरच्या अँटेनावर कोसळलं. नवा कोणता घ्यायचा, यावर चर्चच्या हॉलमध्ये क्लबची बैठक भरली.

"टाकीवर आहे तसाच घ्या, फायबरच्या नळकांड्यातला," रेनो म्हणाला. "उघड्या दांड्यांवर बर्फ बसलं की मेलाच तो."

"अँटेनाला आता कोट शिवायचा?" अध्यक्ष डेल ट्रेझोना म्हणाला. "मग टोपी-मोजेही विणून द्या, रेनो!"

हातातल्या गरम पॅस्ट्या, खाणवाल्यांच्या त्या मांस-बटाटा भरलेल्या करंज्या, सावरत सगळे खिदळले. आर्विडही हसला. ज्याला रेनोने बोट धरून मोर्स शिकवलं, तो आर्विड! रेनोच्या ते फार जिव्हारी लागलं.

शनिवारी टेकडीवरून डेलचा फोन आला. उघड्या दांड्यांचा अँटेना घेऊन तो वर चढला होता.

"रेनो, टाकीवरच्याच्या दांड्या नळकांड्यात, दिसत नाहीत हो. आडव्या आहेत की उभ्या?"

दोन्ही टोकांना दांड्या सारख्याच हव्यात, नाहीतर एकाचं दुसऱ्याला धड पोचत नाही. आसपासचे झाडून सगळे अँटेना उभे, त्यांची लुडबुड नको म्हणून रेनोने आपले आडवे ठेवले होते. एक शब्द सांगायचा होता.

"अध्यक्ष तुम्ही," तो म्हणाला. "तुम्हाला माहीत असेलच की."

"बरं बाबा, राहू दे. उभ्याच असणार. सगळेच उभ्या लावतात."

रेनोने फोन ठेवून दिला. चार दिवस खरखर ऐकली की येईल नाक घासत, मग सांगू, असा त्याचा हिशेब.

डेल आला नाही. खरखरीला सगळे वैतागले, तेव्हा त्याने टेकडीचा नादच सोडला आणि रिसीव्हर टाकीवर आणून बसवला. गावातल्यांचं छान चाललं. पहिल्याच सकाळी डेलने रेडिओवर विचारलं, "आता कोणाचा आवाज पोचत नसेल तर सांगा बरं का." कोणीच काही बोललं नाही. टेकडीमागे रेनो एकटाच होता; हातातल्या सेटचा आवाज टेकडी ओलांडून टाकीपर्यंत पोचत नव्हता, आणि तो घसा फोडून सांगत होता.

त्यानंतर त्याने कितीदा तरी फोन उचलला आणि ठेवला. तक्रार करायची तर विचारलं तेव्हा आपल्याला माहीत होतं, हेही कबूल करावं लागणार. ते काही जिभेवर येईना. रोज सकाळी तो मंडळींच्या गप्पा ऐकत बसे. सगळं स्वच्छ ऐकू येई.

नाताळच्या आदल्या दिवशी डेलने हजेरी घेतली. रेनोचं नाव आलं. रेनोने बटण दाबलं.

"आहे. इथेच आहे मी."

"काही नाही," डेल म्हणाला. "कोटावरून अजून रुसलेत वाटतं. नाव काढून टाकू का?"

"थांब जरा," आर्विड मध्ये पडला. "रेनो, लेका, ऐकत असशील तर बोल ना. चुकलं माझं, हसायला नको होतं."

मग सगळे थांबले. खरंच बराच वेळ थांबले.

"ऐकतोय रे," रेनो म्हणाला. "आर्विड, ऐकतोय मी. राग नाही माझा."

"बोलायचंच नाही त्याला," आर्विड म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. "काढ नाव."

डेलने पुढचं नाव घेतलं.