तैवानच्या देवळात आईने लावलेला कौल

आई अमेरिकेत माझ्याकडे रेडमंडला सहा महिने राहून परत निघाली, तेव्हा मीच म्हटलं, चल, वाटेत तैवान बघू. बेटाची ओढबिढ काही नव्हती. तिकीट तैपेईवरूनच जात होतं, आणि ‘तू कायमचा परत कधी येतोयस?’ या तिच्या प्रश्नापासून चार दिवस सुटका हवी होती. बाबा गेल्यापासून कोकणातल्या आचऱ्याच्या घरात ती एकटी असते. मी दर वेळी ग्रीन कार्डाचं कारण पुढे करतो.

व्हिसा आधीच काढा, भारतीय पासपोर्टवर दोन खेपा होतातच. तैपेईहून ह्वालिएनला ट्रेनने जाताना डावीकडची खिडकी मागा, समुद्र दिसतो. उजवीकडे भातशेती आणि पोफळी. एवढा खर्च करून पोफळीच दाखवायच्या होत्या का, असं आईने विचारलं. पण पुढे तारोकोच्या दरीत टॅक्सी शिरली, दोन्ही बाजूंना संगमरवराचे उभे कडे आले, आणि तिने खिडकीची काच पूर्ण खाली केली. दुपारी आलं घातलेला ताजा मासा मिळाला. आमच्या फ्रिजमधल्या माशांना सहा महिने नाकं मुरडणारी बाई दोनदा भात घेऊन जेवली.

शेवटच्या दिवशी तैपेईतलं एक देऊळ. लोक चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकत होते. एक उताणा, एक पालथा पडला तर देवाचा होकार, दोन्ही पालथे पडले तर नकार. आईचे डोळे चमकले. “अरे, हो तर कौल!” गावी ग्रामदेवतेला फुलं लावून कौल मागतात, तोच प्रकार. तिथल्या सेवेकरी मावशींनी मोडक्या इंग्रजीत पद्धत सांगितली: आधी नाव, मग राहता पत्ता, मग प्रश्न.

आई हात जोडून पुटपुटली आणि शेवटी मोठ्याने म्हणाली, “माझो झील गावाक परत येतलो काय?”

दोन्ही तुकडे उताणे पडले. मावशी म्हणाल्या, देव हसला. प्रश्न नीट विचारा. आईने तुकडे उचलून जागेवर ठेवले. तिने पुन्हा विचारलं नाही, आणि विमानतळावर माझा निरोप घेतानाही तो विषय काढला नाही.

रेडमंडला पाऊस चालूच आहे. दरीचे फोटो ऑफिसात सगळ्यांना आवडले. जरूर जा, फक्त कौल लावताना पत्ता सध्याचा सांगा. आईने माझ्या नावापुढेही आचऱ्याचाच सांगितला होता. मी शेजारीच उभा होतो. तिची चूक काही मी दुरुस्त केली नाही.